गेमची मांडणी: फाइल, फोल्डर आणि एक हरवलेला आवाज



मी मूळचा सोलापूरचा. गेली नऊ वर्षं हैदराबादमध्ये राहतो आणि गेम बनवण्याचं काम करतो. या मालिकेत माझ्याआधी बोललेल्या लोकांनी कथा, पात्रं, संगीत, ग्राफिक्स अशा छान छान गोष्टींवर सांगितलं. माझ्या वाट्याला विषय आलाय फाइल आणि फोल्डर. खरं सांगायचं तर वाट्याला आलेला नाही, मी मागून घेतलाय.

माझ्या आईच्या स्वयंपाकघरात भिंतीला लावलेली एक लोखंडी मांडणी आहे. ताटं एका बाजूला, वाट्या खाली, डबे वर. दिवे गेले तरी आई अंधारात हात घालून जिऱ्याचा डबा काढते. गेमच्या प्रोजेक्टचं तसंच असायला हवं. रात्री दोन वाजता, डोळे मिटत असताना, हवी ती फाइल हाताला लागली पाहिजे. आणि महत्त्वाचं म्हणजे, मांडणी लावणारा माणूस घरात नसला तरी दुसऱ्याला ती सापडली पाहिजे.

आधी माझी चूक सांगतो. मग त्या चुकीतून शिकलेलं सगळं सांगतो.

नवीन फोल्डर (३)

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघं नोकरी सांभाळून एक छोटा गेम बनवत होतो. कोड माझ्याकडे. चित्रं काढायला इंदूरची एक मैत्रीण. आवाजाचं काम बेळगावचा एक मित्र बघायचा. तीन शहरं, तीन लॅपटॉप आणि एक सामायिक ऑनलाइन ड्राइव्ह.

गेम जात्यावर होता. पडद्यावर बोट गोल फिरवलं की जातं फिरतं. लय सांभाळली की पीठ पडतं आणि आजीचा आवाज ओवी म्हणतो. लय चुकली की आजी थांबते. एवढंच. आणि तो आजीचा आवाज खरा होता. बेळगावच्या मित्राची आजी, वय ८१. त्यानं गावी जाऊन, पंखे बंद करून, अंगणातली कोंबडी हाकलून, दोन तास दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. जात्याची घरघर, ओव्या, मधेच आजीच्या गप्पा, सगळं त्यात होतं. ते त्यानं ड्राइव्हवर टाकलं आणि रेकॉर्डरचं कार्ड पुढच्या कामासाठी पुसलं. त्यातून १४ छोटे तुकडे कापून, साफ करून आम्ही गेममध्ये घातले.

पुढे एका स्पर्धेत गेम पाठवायची तारीख जवळ आली आणि ड्राइव्हवरची फुकटची जागा भरली. बिल्ड वर चढेना. रात्रीचा एक वाजलेला. मी ड्राइव्ह उघडला. आत काय होतं? ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरं’, ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर (२)’, ‘नवीन फोल्डर (३)’. शेवटच्या फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाच्या काही फाइली, एकूण सव्वा जीबीच्या आसपास. मला वाटलं, कापून झाल्यावर उरलेलं असणार. मी ते उडवलं. जागा मोकळी व्हावी म्हणून कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. ड्राइव्ह सिंक होत होता, म्हणून तो फोल्डर तिघांच्याही लॅपटॉपवरून गेला. बिल्ड वर चढला. मी झोपलो.

चार महिन्यांनी आजी गेल्या. तेराव्यानंतर मित्राचा फोन आला. म्हणाला, “अरे, आजीचं ते पूर्ण रेकॉर्डिंग तुझ्याकडं आहे न्हवं? घरात सगळ्यांना ऐकायचं आहे.”

मी त्या रात्री काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं.

या गोष्टीचा शेवट मी शेवटीच सांगेन. आता कामाचं बोलू.

दाणे, पीठ आणि भाकरी

त्या प्रसंगानंतर मी प्रोजेक्टमधल्या प्रत्येक फाइलला एकच प्रश्न विचारायला लागलो: ही हरवली तर परत तयार करता येईल का? उत्तराप्रमाणे फाइलींचे चार ढीग होतात. आमचा गेम जात्याचा असल्यामुळे आम्ही त्यांना तशीच नावं दिली.

पहिला ढीग दाण्यांचा. कलाकाराची सगळ्या थरांसकटची फोटोशॉप किंवा क्रिटाची फाइल, ब्लेंडरमधलं मूळ मॉडेल, कापाकापी न केलेलं रेकॉर्डिंग, तुमचा कोड. हे माणसानं बनवलेलं असतं. गेलं की गेलं.

दुसरा ढीग पिठाचा. त्या मूळ फाइलींतून गेमसाठी काढलेलं चित्र, कापलेला आवाज, इंजिनला समजेल असं मॉडेल. हे दाण्यांतून पुन्हा दळता येतं, पण कष्ट पडतात.

तिसरी भाकरी, म्हणजे बिल्ड. फोनवर जातं ते. बटण दाबलं की पुन्हा तयार होतं. फक्त लोकांना दिलेल्या प्रत्येक आवृत्तीची एक प्रत जपून ठेवायची.

चौथा कोंडा. इंजिन स्वतःच्या सोयीसाठी जे बनवतं ते. युनिटीत ‘लायब्ररी’ नावाचा फोल्डर असतो, तो कित्येक जीबीचा होतो. तो उडवला तर युनिटी पुढच्या वेळी उघडताना जरा जास्त वेळ घेईल आणि पुन्हा बनवेल. गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून ‘डॉट गोडो’ नावाचा लपलेला फोल्डर तेच काम करतो. अनरियलमध्ये ‘इंटरमीडिएट’ आणि ‘डिराइव्ह्ड डेटा कॅश’ आहेत.

आता माझी चूक बघा. जागा हवी होती तर मी कोंडा उडवायला हवा होता. आमच्या सामायिक ड्राइव्हवर युनिटीचा अख्खा ‘लायब्ररी’ फोल्डर पडून होता, काही जीबींचा! तो मी जपला आणि दाणे फेकले. कारण कोंड्याला इंजिननं व्यवस्थित नाव दिलं होतं आणि दाण्यांना आम्ही ‘नवीन फोल्डर (३)’ म्हटलं होतं.

हे फक्त आमच्यासारख्या हौशी पोरांचं होतं असं समजू नका. ‘सायलेंट हिल’ मालिकेतल्या दोन जुन्या गेमचा एचडी संग्रह २०१२ मध्ये आला. तो बनवणाऱ्यांना मूळ गेमचा शेवटचा, पूर्ण झालेला सोर्स कोड मिळाला नाही. आधीच्या अर्धवट अवस्थेतल्या कोडवरून त्यांना काम करावं लागलं आणि पूर्वी निस्तरलेले बग पुन्हा निस्तरावे लागले. ‘किंग्डम हार्ट्स’च्या पहिल्या गेमची एचडी आवृत्ती २०१३ मध्ये आली, तेव्हाही मूळ डेटा हरवलेला असल्यामुळे बराच भाग पुन्हा बनवावा लागला. भाकरी दुकानात होती, दाणे घरात नव्हते. भाकरीतून दाणे परत मिळत नाहीत.

म्हणून पहिला नियम: दाण्यांसाठी प्रोजेक्टच्या सगळ्यात वर वेगळा फोल्डर. आम्ही त्याला ‘सोर्स आर्ट’ आणि ‘सोर्स ऑडिओ’ म्हणतो. तो युनिटीच्या ‘असेट्स’ फोल्डरच्या आत ठेवत नाही, बाहेर ठेवतो. आत ठेवला तर युनिटी त्या अवजड फाइली इम्पोर्ट करत बसेल. गोडोमध्ये फोल्डर आत ठेवायचाच असेल तर त्यात ‘डॉट जीडी-इग्नोअर’ नावाची रिकामी फाइल टाकायची, म्हणजे गोडो त्या फोल्डरकडे बघत नाही.

प्रकारानुसार की कामानुसार?

आता ‘असेट्स’च्या आत काय करायचं? बहुतेक ट्यूटोरियलमध्ये प्रकारानुसार फोल्डर दाखवतात. स्क्रिप्ट्स, टेक्स्चर्स, साउंड्स, प्रीफॅब्स, सीन्स. सुरुवातीला हे छान वाटतं. १५ स्क्रिप्ट आणि ३० चित्रं असतील तर हरकतही नाही.

पण गेम वाढला की काय होतं बघा. जात्यात काही बदल करायचा आहे. स्क्रिप्ट एका फोल्डरमध्ये, ३०० स्क्रिप्टच्या गर्दीत. चित्र दुसरीकडे, आवाज तिसरीकडे, मटेरियल चौथीकडे. म्हणजे घरातले सगळे गोल डबे एका खोलीत, चौकोनी दुसऱ्या खोलीत आणि चमचे गच्चीवर.

दुसरी पद्धत कामानुसार. ‘जातं’ नावाचा एक फोल्डर आणि जात्याचं सगळं त्यात: स्क्रिप्ट, चित्र, आवाज, प्रीफॅब. ‘आजी’चा वेगळा, ‘मेनू’चा वेगळा. दोन-तीन ठिकाणी वापरलं जाणारं ते ‘कॉमन’मध्ये. गोडोच्या अधिकृत मार्गदर्शनातही असेट शक्य तितके त्यांच्या सीनजवळ ठेवा, असंच सुचवलेलं आहे.

कुठली निवडायची हे ठरवायला मी एक कसोटी वापरतो. समजा गेममधून जातं पूर्ण काढून टाकायचं ठरलं. किती फोल्डर उघडावे लागतील? एक उघडून काम होत असेल तर मांडणी बरी आहे. नऊ उघडावे लागत असतील आणि तरी काही मागे राहिलं की काय अशी शंका असेल, तर मांडणी बदलायची वेळ झाली.

याशिवाय दोन फोल्डर मी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ठेवतो. एक, बाहेरून आणलेल्या वस्तूंचा. असेट स्टोअरवरून विकत किंवा फुकट घेतलेलं सगळं त्यातच, आणि त्यातल्या फाइलींना हात लावायचा नाही. कारण पुढचं अपडेट घेतलं की तुमचे बदल पुसले जातात. बदल हवाच असेल तर प्रत काढून आपल्या फोल्डरमध्ये आणा. प्रत्येक वस्तूचा परवाना, म्हणजे लायसन्सची फाइल, तिच्याशेजारीच राहू द्या. गेम विकायची वेळ आली की ती शोधत फिरावं लागत नाही.

दुसरा फोल्डर प्रयोगांचा. प्रत्येकाच्या नावाचा एक कोपरा. तिथे काय वाट्टेल ते करा. अट एकच, खऱ्या गेममधल्या कुठल्याही गोष्टीनं त्या कोपऱ्यातली फाइल वापरायची नाही. पसारा सगळ्यांच्याच हातून होतो. त्याला एक जागा दिली की तो घरभर फिरत नाही.

आणि फोल्डरच्या आत फोल्डर किती? तीन-चार पायऱ्या पुरतात. विंडोजवर फाइलचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांपलीकडे गेला की अनेक प्रोग्राम अडखळतात. डेस्कटॉपवरच्या फोल्डरमधल्या फोल्डरमधल्या फोल्डरमध्ये प्रोजेक्ट ठेवणाऱ्यांना हा अनुभव लवकर येतो.

नाव ठेवणं

बाळाचं नाव ठेवताना आपल्याकडे आत्या येते, पाळणा सजतो, घुगऱ्या वाटतात. फाइलचं नाव मात्र आपण एका सेकंदात ‘एएसडीएफ’ असं ठेवतो.

आमचे नावांचे नियम एका पानावर मावतात.

एक. नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडता अंडरस्कोअर. मला मराठीचं प्रेम आहे, म्हणूनच तर आजीच्या ओव्या गेममध्ये घेतल्या. पण फाइलच्या नावात देवनागरी, मोकळी जागा, कंस असलं काही आलं की कुठलं तरी जुनं टूल कुठे तरी रुसतं. मराठी गेमच्या आत दिसू दे.

दोन. मोठ्याकडून लहानाकडे. आधी कोण, मग काय, मग आकडा. ‘आजी_बसलेली_०१’, ‘आजी_बसलेली_०२’, ‘आजी_हसरी_०१’. यादी लावली की आजीचं सगळं एका जागी येतं. ‘बसलेली_आजी’ आणि ‘हसरी_आजी’ अशी नावं ठेवली तर एक ‘ब’मध्ये आणि दुसरी ‘ह’मध्ये जाऊन बसते.

तीन. आकड्याआधी शून्य. नुसतं १, २, १० लिहिलं तर अनेक प्रोग्राम १ नंतर थेट १० दाखवतात. ॲनिमेशनच्या चौकटी अशा लागल्या की आजी चालताना मागे उडी मारते. हे आमच्याकडे खरंच झालं होतं आणि अर्धा दिवस मी माझ्या कोडमध्ये चूक शोधत होतो.

चार. ‘फायनल’, ‘नवीन’, ‘लेटेस्ट’ या शब्दांना बंदी. आज नवीन असलेलं उद्या जुनं होतं. तारीख लागतच असेल तर वर्ष, महिना, दिवस या क्रमानं.

अनरियलवाल्यांकडे नावाच्या सुरुवातीला प्रकार सांगायची पद्धत रुळलेली आहे. ब्लूप्रिंटला ‘बीपी’, टेक्स्चरला ‘टी’, मटेरियलला ‘एम’, स्टॅटिक मेशला ‘एसएम’. तुम्ही अनरियलवर असाल तर तीच पाळा. तुमच्या टीममध्ये उद्या येणाऱ्याला ती आधीच ठाऊक असेल.

लहान अक्षरांचा आग्रह का, तेही सांगतो. विंडोज सहसा लहान आणि मोठ्या अक्षरांत फरक करत नाही. कोडमध्ये तुम्ही मोठ्या अक्षरानं नाव लिहिलं आणि फाइल लहान अक्षरात असली तरी तुमच्या लॅपटॉपवर गेम चालतो. पण लिनक्स फरक करतं. गोडोमधून बाहेर काढलेला गेमही फरक करतो. मग लॅपटॉपवर ठणठणीत असलेला गेम फोनवर उघडताच कोसळतो आणि कारण कुणाला दिसत नाही. सगळंच लहान अक्षरात ठेवलं की हा प्रश्नच मिटतो.

इंजिनचे स्वतःचे नियम

आता इंदूरच्या मैत्रिणीची गोष्ट. तिनं आमचे नावांचे नियम ऐकले आणि एका रविवारी मनापासून कामाला लागली. तिच्याकडच्या २०० च्या वर चित्रांना नीट नावं दिली. विंडोजच्या साध्या खिडकीतून, एकेक करून. मग ती सगळी जुन्या चित्रांच्या जागी टाकली.

सोमवारी मी गेम उघडला. आजी गायब. जातं गायब. मेनूची सगळी बटणं पांढरे चौकोन.

झालं होतं असं. युनिटी फाइलला नावानं ओळखत नाही. ‘असेट्स’मधल्या प्रत्येक फाइलशेजारी ती एक छोटी ‘मेटा’ फाइल बनवते आणि त्यात एक लांबलचक ओळख क्रमांक असतो. सीनमध्ये ‘इथे आजीचं चित्र’ असं लिहिलेलं नसतं, ‘इथे अमुक क्रमांक’ असं लिहिलेलं असतं. मैत्रिणीनं चित्रांची नावं बदलली, मेटा फाइलींची नाही. युनिटीला वाटलं, जुनी सगळी चित्रं गेली आणि २०० नवी आली. तिनं नवे क्रमांक वाटले. आधार कार्ड बदललं की जुन्या रेशन कार्डाशी जुळत नाही ना, तसंच.

तिची चूक नव्हती. तिला नियम सांगताना मी ही गोष्ट सांगितलीच नव्हती. म्हणून आता सांगतो: युनिटीत फाइल हलवायची किंवा नाव बदलायचं ते युनिटीच्या प्रोजेक्ट खिडकीतूनच. आणि मेटा फाइली गिटमध्ये घालायच्याच. त्या नाही घातल्या तर प्रत्येकाच्या लॅपटॉपवर वेगळे क्रमांक तयार होतात आणि माझ्याकडे चालणारा गेम तुमच्याकडे तुटका दिसतो.

गोडोतही फाइली गोडोच्या आतूनच हलवा, म्हणजे त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या सीन तो स्वतः दुरुस्त करतो. अनरियलमध्ये हलवलेल्या असेटच्या जुन्या जागी एक ‘रिडायरेक्टर’ राहतो, घर बदलल्यावर पोस्टमनला दिलेल्या पत्त्यासारखा. अधूनमधून ‘फिक्स अप रिडायरेक्टर्स’ करून ते साफ करायचे.

युनिटीतल्या काही फोल्डरच्या नावांना खास अर्थ आहे, तेही माहीत हवेत. ‘एडिटर’ नावाच्या फोल्डरमधल्या स्क्रिप्ट बिल्डमध्ये जात नाहीत. ‘रिसोर्सेस’ नावाच्या फोल्डरमधलं मात्र सगळं जातं, वापरलेलं असो वा नसो. आमचा एवढासा गेम फोनवर अवाढव्य होत होता, त्याचं कारण हेच निघालं. मी ‘रिसोर्सेस’ म्हणजे सामान ठेवायची खोली समजून सगळी चाचणीची चित्रं तिथे रचली होती. सीनमधून कुणी वापरत नसलेली साधी फाइल युनिटी बिल्डमधून आपोआप गाळते. ‘रिसोर्सेस’मधली गाळत नाही.

गिट आणि पसारा आवरण्याची रीत

गिट २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सनं लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, म्हणजे मुख्यतः कोडच्या मजकुरासाठी. गेममध्ये मजकुरापेक्षा चित्रं आणि आवाज जास्त. म्हणून तीन गोष्टी पहिल्याच दिवशी करा.

‘डॉट गिट-इग्नोअर’ फाइल टाका, म्हणजे कोंडा गिटमध्ये जाणार नाही. युनिटीत ठेवायचे फोल्डर तीन: ‘असेट्स’, ‘पॅकेजेस’ आणि ‘प्रोजेक्ट सेटिंग्ज’. दाण्यांचा फोल्डर चौथा.

मोठ्या फाइलींसाठी गिट एलएफएस लावा. साधं गणित सांगतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका चॅनेलचं रेकॉर्डिंग मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी होतं, तासाला ५०० एमबीच्या वर. गिटहब साध्या गिटमधून १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही. आम्ही तेवढ्यासाठी मूळ रेकॉर्डिंग गिटमध्ये न घालता ड्राइव्हवर ठेवलं होतं. अडचण आली की आपण आडवाट घेतो, आणि महत्त्वाच्या गोष्टी नेमक्या आडवाटेवर हरवतात.

तिसरं, दोघांनी एकाच वेळी एकच फोटोशॉपची फाइल उघडायची नाही. कोडमधले दोघांचे बदल गिट जोडू शकतं, चित्रातले नाही. एलएफएसमध्ये फाइलला कुलूप लावायची सोय आहे, ती वापरा. नसेल जमत तर ग्रुपवर एक मेसेज टाका: “मेनूचं चित्र माझ्याकडे आहे.”

आता ज्यांच्याकडे आधीच पसारा आहे त्यांच्यासाठी आवरण्याची रीत. सगळ्यांना आधी सांगा. प्रत्येकानं आपलं काम गिटवर चढवू द्या. मग एकच माणूस, एका वेळी एकच फोल्डर, इंजिनच्या आतून हलवेल. हलवून झालं की गेम चालवून बघेल आणि कमिट करेल. त्या कमिटमध्ये फक्त हलवाहलव, कोडमध्ये बदल नाही. कारण गिट नावबदल वेगळा नोंदवत नाही. जुनी आणि नवी फाइल सारखी दिसली तर ते ओळखतं. तुम्ही हलवली आणि त्याच दमात अर्धी बदलली, तर ओळख पुसते आणि फाइलचा इतिहास सापडणं अवघड होतं.

आणि रात्री एक वाजता, एकट्यानं, डोक्यावर डेडलाइन असताना काहीही डिलीट करायचं नाही. हा नियम आमच्या पानावर सगळ्यात वर आहे. त्याखाली दुसरा: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकमध्ये एकानं पुसलं की सगळ्यांचं पुसलं जातं. बॅकअपचा जुना हिशोब सोपा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आमच्या दाण्यांची एक प्रत आता माझ्याकडे हैदराबादला डिस्कवर असते, एक गिटच्या सर्व्हरवर, एक इंदूरला. दर तीन महिन्यांनी आम्ही त्या डिस्कमधली एखादी फाइल खरोखर उघडून बघतो. उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा.

हे सगळं प्रोजेक्टच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाच्या एका पानात लिहून ठेवा. कुठे काय आहे, नावं कशी ठेवायची, काय पुसायचं नाही. एक पान पुरे. लांब लिहिलं तर कुणी वाचत नाही.

शेवट

मित्राच्या फोनवर मी त्याला खरं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बरं. ठेवतो.”

मी ड्राइव्हमध्ये शोधलं. तिघांचे लॅपटॉप, जुने पेनड्राइव्ह, रेकॉर्डरचं कार्ड. कार्डावर त्यानंतर दोन लग्नांचं रेकॉर्डिंग झालं होतं. काही मिळालं नाही.

गेममध्ये १४ तुकडे होते, ते होतेच. मग दोन दिवसांनी मला गिट आठवलं. गिटमध्ये पुसलेली फाइल इतिहासात राहते. मी आवाजाच्या फोल्डरचा जुना इतिहास काढला. सुरुवातीच्या दिवसांत मित्रानं काही चुकीचे तुकडे टाकले होते आणि मी ते ‘नको असलेल्या फाइली काढल्या’ असं लिहून काढले होते. तीन होते. दोघांत नुसती जात्याची घरघर होती.

तिसरा नऊ सेकंदांचा. ओवी संपते, जातं थांबतं आणि आजी विचारते, “झालं काय रे बाळा? च्या ठेवू काय?”

मी तो मित्राला पाठवला. त्याचा फोन आला नाही. रात्री उशिरा त्याच्या आईचा आला. त्यांनी एवढंच विचारलं, की हे परत ऐकायचं असेल तर फोनमध्ये कुठे ठेवायचं म्हणजे हरवणार नाही.

मी त्यांना नाव सुचवलं, जागा सुचवली आणि दोन प्रती करायला सांगितल्या. दोन तास दहा मिनिटांतले ते नऊ सेकंद.

मित्र अजून माझ्याबरोबर काम करतो. आमच्या पुढच्या प्रोजेक्टचं ‘रीडमी’ त्यानं लिहिलं. त्यातली पहिली ओळ अशी आहे: ‘दाणे कुठे आहेत ते आधी वाचा.’

आज घरी गेल्यावर तुम्ही तुमच्या प्रोजेक्टमध्ये एकच काम करा. फोल्डर नंतर लावा, नावं नंतर बदला. आधी दाणे कुठले ते शोधा, त्यांना नीट नाव द्या आणि दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. तासाभराचं काम आहे.